कंडक्टर साडूंचा मांडव

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात शनिवारी पंख्याचं बटण दाबायला घाबरणारा ख्रिस्ती माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. एरवी ते कशालाच घाबरत नाहीत. जळगाव जामोदच्या एसटीत त्यांनी सारी हयात कंडक्टरकी केली. बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसलेल्या गाडीत 'आत सरका, आत सरका, जागा हाये!' असं ओरडत त्यांनी आणखी पंधरा-वीस माणसं कोंबावीत आणि त्यांच्या कोंबड्यांचीही सोय लावावी. पण निवृत्त झाले, मोबाइलवर कुणाचंसं प्रवचन ऐकलं आणि त्यांना एकदम शोध लागला की प्रभू येशू यहुदी होता. आता ही गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती अशातला भाग नाही. साडूंनी मात्र ती मनाला लावून घेतली. "प्रभू शब्बाथ पाळे, वल्हांडण करे, आन् आपण काय करून राह्यलो? केक कापून राह्यलो!" असं म्हणत त्यांनी चार घरं जमवली आणि आपल्या विश्वासाची इब्री, म्हणजे यहुदी, मुळं शोधणारी प्रार्थनेची संगती सुरू केली.

तेव्हापासून शुक्रवारी दिवस मावळला की साडू गच्चीवर उभे राहून मेंढ्याचं शिंग फुंकतात. पहिल्या शुक्रवारी समोरचे गुरुजी दोर घेऊन धावत आले. त्यांना वाटलं कुणाची म्हैस खड्ड्यात पडली. आता गल्लीला सवय झाली आहे. शिंग वाजलं की बाया पाण्याची मोटर लावतात. पुढचा दिवसभर शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, म्हणून साडू कामाला हात लावत नाहीत. पंखा आदल्या दिवसापासून चालूच असतो. मधे वीज जाऊन परत आली आणि तो आपोआप फिरू लागला, तर ते पाप वीजवाल्यांचं. फोन वाजला की ते माझ्याकडे अशा केविलवाण्या नजरेनं बघतात की दगडालाही पाझर फुटावा. "उचला नं साडूभाऊ, तुमचा कुठी शब्बाथ हाये!"

वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या सुटकेच्या सणाच्या, आधी घरातलं खमीर, म्हणजे आंबवलेलं सारं, बाहेर काढायचं असतं. साडूंनी टोस्ट काढले, खारी काढली, अक्कांनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, आंबवायला ठेवलेलं इडलीचं पीठ गुरुजींच्या घरी पोचवलं आणि आठवडाभर बेखमीर भाकर खायची अशी घोषणा केली. अक्कांनी चुलीवरची ज्वारीची भाकर त्यांच्या ताटात टाकली. "हे घ्या. आपण तं जनमभर बेखमीरच खाऊन राह्यलो." साडू आनंदानं ओरडले, "पाह्यलं? मुळं आपल्याच घरात होती!"

या सगळ्यात एकच गोष्ट वाईट झाली. भिंतीला भिंत लागून आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचं घर. त्यांची एक बकरी होती आणि तिच्या दुधाचा चहा दोघं रोज संध्याकाळी एकत्र प्यायचे. साडूंनी स्वतःच्या लग्नात दोन घास कमी खाल्ले असतील, पण तो चहा कधी चुकवला नव्हता. एका रविवारी भर उपासनेत साडू उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, आज आपण सगळे एक दिवस उशिरा आलो." मंडळी हसली. पाळकसाहेबांना ते लागलं. चहा बंद झाला, बोलणं बंद झालं. संगतीतली बाकीची तीन घरंही एकेक करून रविवारकडे परतली. साडूंनी कुणाबद्दल ब्र काढला नाही, पण संध्याकाळी चहाची वेळ झाली की ते उगाच भिंतीजवळची कुंडी इकडची तिकडे करत. मला त्यांची फार दया यायची.

मग आला यहुद्यांचा मांडवांचा सण. सात दिवस झावळ्या-फांद्यांच्या मांडवात जेवायचं. छपरातून चांदण्या दिसल्या पाहिजेत आणि पाहुणा आला पाहिजे. आमच्याकडे कुणीही शहाणा माणूस कूड घालायचा तर वाळक्या तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या काड्यांचा, घालतो. साडूंनी ग्रंथात 'हिरवं' वाचलं होतं. त्यांनी पाळकसाहेबांच्या अंगणालगत हिरव्यागार मक्याचा मांडव उभा केला. मी म्हटलं, "साडू, पलीकडे बकरी आहे." ते म्हणाले, "ग्रंथात बकरीचं काही लिहेल नाई."

सहा संध्याकाळी पाहुण्यांची खुर्ची रिकामी राहिली. अक्का म्हणाल्या, "शेजारी बलवा नं." साडू म्हणाले, "त्याहिले पाय नाईत का?" सातव्या संध्याकाळी आम्ही तिघं पिठलं-भाकर खात होतो, तोच मक्याची भिंत हलू लागली. खसाखस आवाज झाला, भलंमोठं भोक पडलं आणि त्यातून चघळणारं एक तोंड आत आलं. अक्कांनी पिठल्याची पळी उगारली. साडू ओरडले, "मारू नको, ग्रंथापरमानं शुद्ध जनावर हाये! खूर दुभागलेले हायेत!" एवढ्यात बकरीचा कान धरायला पाळकसाहेब त्याच भोकातून कमरेपर्यंत आत आले आणि आम्हाला बघून तसेच वाकलेले राहिले. साडूंच्या तोंडून आपसूक निघालं, "आत सरका, आत सरका, जागा हाये!"

"मी बकरी न्यायले आलो," पाळकसाहेब म्हणाले.

"बकरीबी बसन. खुर्ची कवाची रिकामी हाये."

पाळकसाहेब बसले. भाकर मोडली, वर बघितलं. "चांदण्या दिसून राह्यल्या हो, कंडक्टरसाहेब." साडू डोळे पुसत होते आणि पिठलं तिखट झाल्याचं खापर अक्कांवर फोडत होते. शनिवार की रविवार याचा निकाल काही लागला नाही. "वार ज्याचा त्याच्याजवळ. चहाले मात्र रोज या," पाळकसाहेब उठताना एवढंच म्हणाले.

पुढे त्यांची साखरखेर्ड्याकडे बदली झाली. बकरीही टेम्पोत बसून गेली. नवे पाळक पिशवीचं दूध आणतात. साडू अजून दरवर्षी मांडव घालतात आणि आता शहाण्यासारखा तुराट्यांचाच घालतात. फक्त शेजारच्या बाजूला हिरवा मका लावतात. यंदा मी विचारलं, "एकाच बाजूला का?" तर म्हणाले, "तुराट्या कमी पडल्या." मागे तुराट्यांचा भारा तसाच पडलेला मला दिसत होता.

जेवताना ते त्या भिंतीकडे तोंड करून बसतात. वाऱ्यानं पानं सळसळली की त्यांचा घास हातातच थांबतो. यहुदी लोक मांडवात कुणाची वाट बघतात ते मला ठाऊक नाही. आमचे साडू एका बकरीची वाट बघतात, आणि तिचा कान धरायला येणाऱ्या माणसाची.