बिनखसखशीचा मसाला

आमच्या चुली वेगळ्या झाल्या, पण मसाला एकत्रच राहिला. अलिबागहून रेवसला जाताना रस्त्याला लागून आमचं घर आहे. मधोमध भिंत घालून दिराने आणि आम्ही ते वाटून घेतलं. विहीर वाटली, आंबा वाटला, माळ्यावरची मोठी पातेलीसुद्धा वाटली. वर्षाचा मसाला तेवढा आम्ही दोघी जावा मिळून करायचो, कारण गिरणीवाला थोड्या मालाला हात लावत नाही. कुटून आणला की एका वर्षी धाकटी जाऊ त्याचे दोन ढीग करायची आणि कुठला घ्यायचा ते मी ठरवायचे. पुढच्या वर्षी ढीग माझे आणि निवड तिची. या पद्धतीत भांडण होत नाही आणि एकमेकींवर विश्वासही ठेवावा लागत नाही.

संशय हा माझा पिंडच आहे. टपाल कचेरीच्या खिडकीवर बसून मी नोकरी केली. पार्सल हातात आलं की आधी त्याचा वास घ्यायचा, मग हलवून बघायचं आणि मगच समोरच्याला विचारायचं, काय आहे यात? लोक सांगतात ते आणि आत असतं ते, यात किती अंतर असतं हे मला तिथे कळलं. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, तू देवळातला प्रसादही हुंगून खातेस. खायचेच. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

हे गेल्यानंतर मुलाने ठरवलं की मी त्याच्याकडे कायमचं राहायला जायचं. तो आखातात नोकरीला. तिथे माझी सगळी कागदपत्रं त्याच्या नावावर झाली होती. निघायच्या दोन-तीन महिने आधी त्याचा फोन आला. सोडे आण, आमसुलं आण, कडवे वाल आण, आणि मसाला तर आणच, इथल्या मसाल्याला काही चव नाही. पण त्यात खसखस नको. खसखस म्हणजे अफूचं बी. त्या देशात तिची गणती अमली पदार्थांत होते आणि तिथले अधिकारी दाणा सापडला तरी सोडत नाहीत.

"आई, तू माझ्या जबाबदारीवर येतेयस," तो म्हणाला. "तुझ्या बॅगेत काही मिळालं तर तुला आत घेतील आणि माझी नोकरी जाईल. नीट लक्षात ठेव."

मी लक्षात ठेवलं. पण नेमकं त्याच उन्हाळ्यात माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मिरचीच्या धुराजवळ फिरकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मसाला एकटी जाऊ भाजणार होती, आणि तोही असा मसाला, ज्याच्यावर माझ्या पोराची नोकरी टांगलेली. मी तिला निक्षून सांगितलं. ती म्हणाली, कळलं. तिचं ते 'कळलं' मला कधीच पुरेसं वाटलेलं नाही.

मी भिंतीच्या अलीकडे, दारं-खिडक्या लावून, काळा चष्मा घालून बसले होते. डोळे बंद असले तरी नाक उघडं होतं. धणे भाजले गेले, कळलं. जिरं, बडीशेप, दगडफूल, सगळं एकामागून एक कळत गेलं. आणि मग तो वास आला. खरपूस आणि किंचित दुधट. इतकी वर्षं मी खसखस भाजली आहे, तिच्या वासात माझी चूक होणार नाही.

संध्याकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा मी सरळ विचारलं, खसखस भाजलीस काय गो?

"न्हाय, ताय," ती म्हणाली. "पोराच्या नोकरीचा प्रश्न हाय. मला कलत न्हाय व्हय?"

बोलताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. चहाच्या कपाकडे बघत होती. आता एका डोळ्याला पट्टी असताना मला समोरच्याचा चेहरा तरी कितपत वाचता येणार? पण कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की.

दुसऱ्या दिवशी तर कमालच झाली. ती गिरणीतून आली ती माझा वाटा तयार करूनच. प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत भरलेला, वरून मांजरपाटाचं कापड शिवलेलं. त्या वर्षी ढीग करायची पाळी तिची होती आणि निवडायची माझी. मला निवडायला तिने काही ठेवलंच नव्हतं. का बरं? मी रात्रभर, खरं सांगायचं तर पुढचे कित्येक दिवस, हाच विचार करत राहिले. मी गेले की माझ्या अर्ध्या घराची चावी तिच्याकडे राहणार होती. मी तिकडे सुखाने राहिले तर घर तिलाच वापरायला मिळणार. मी तिकडे अडकले तरी तिलाच. माझ्या पोराचं वाईट व्हावं असं तिला वाटत नसणार, एवढं मी मनाशी कबूल करायचे. पण खसखशीशिवाय मसाला होत नाही या हट्टापायी मूठभर घातली असेल आणि मग दडवलं असेल, हे तिच्या स्वभावाला धरूनच होतं. आमच्याकडे कोणी कशातून काही वगळा म्हटलं की ते थोडं तरी घालतातच. मीही घालते.

डोळ्याची पट्टी निघाल्यावर मी शिवणीचा कोपरा उसवला, चमचाभर मसाला पांढऱ्या बशीत पाण्यात कालवला आणि नव्या डोळ्याने तासभर बघत बसले. कुटलेल्या मसाल्यात खसखस दिसत नसते, हे मला ठाऊक होतं. तरी बघितलं. मग कोपरा परत शिवून टाकला.

निघायचा दिवस मे महिन्याच्या अखेरीचा, पावसासाठी लाँच बंद व्हायच्या आधीचा. दीर मला विमानतळापर्यंत सोडायला आला. माझा बेत असा होता की भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर ती पुडी गुपचूप काढायची आणि कचऱ्यात टाकायची. पण रेवसहून लाँच सुटली तशी दिराने खाण्याची बॅग मांडीवर घेतली ती शेवटपर्यंत सोडली नाही. वयनी, तुमी आरामात बसा, म्हणाला. तुझ्या बायकोवर माझा विश्वास नाही, हे दिराच्या तोंडावर कसं सांगायचं? टॅक्सीतही बॅग त्याच्याच पायाशी. विमानतळाच्या दारात त्याला आत सोडणार नव्हते, तेव्हा तिथे संधी मिळेल असं वाटलं, तर त्याने माझ्यासारखाच एकटा निघालेला एक माणूस हेरला आणि माझं सगळं सामान त्याच्या हवाली केलं. त्या भल्या माणसाने बॅगा थेट पट्ट्यावर ठेवल्या. मसाला माझ्या हातून निसटला तो असा, सगळ्यांच्या चांगुलपणामुळे.

तिकडे उतरले तेव्हा दुपार होती. काचेपलीकडे मुलगा दिसला, हात हलवत होता. मध्ये फक्त सामान तपासणारं यंत्र. माझी बॅग त्यातून बाहेर आली आणि एका मुलीने ती बाजूला घेतली. डोक्यावर काळा रुमाल, गणवेश, वय माझ्या सुनेएवढं. तिच्या शेजारी हिंदी जाणणारा एक माणूस उभा राहिला.

तिने सुक्या कोलंबीचे सोडे उघडले, नाक मुरडलं, बाजूला ठेवले. काळी, ओलसर आमसुलं बघून तिचे डोळे बारीक झाले. मी एक तोंडात टाकून दाखवलं, आंबट चेहरा केला, तेव्हा ती जराशी हसली. वाल दोन-तीन फोडून बघितले. मग ती मांजरपाटात शिवलेली पुडी हातात घेतली. आधी वास घेतला, मग हलवून बघितली. मी असते तर अगदी असंच केलं असतं. तिने विचारलं, खशखाश? त्यांच्याकडेही तो शब्द जवळपास तोच आहे. दुभाष्याची गरजच पडली नाही. मी मान हलवली, नाही.

तिने त्या माणसामार्फत विचारलं की हा घरी केलाय का, कोणी केला. मी म्हटलं, माझ्या जावेनं. तुमच्यासमोर केला? मी म्हटलं, नाही. मग तिने अगदी शांतपणे सांगितलं की खात्री नसेल तर पुडी इथेच सोडा आणि जा, काही होणार नाही. खात्री आहे म्हणत असाल तर ती तपासायला जाईल, तुम्ही इथे बसाल, आणि त्यात सापडलं तर पुढचं सगळं कायद्याने होईल.

मला सुटकेचा रस्ता आयता मिळाला होता. इतके दिवस मला हेच तर करायचं होतं. काचेपलीकडे पोरगा उभा होता. मी 'सोडते' म्हणणारच होते. तेवढ्यात त्या माणसाने आपल्याकडची पुस्ती जोडली. म्हणाला, मावशी, घरातली माणसं असं करतात, घालतात आणि घातलं नाही म्हणून सांगतात, आम्ही रोज बघतो.

माझं डोकंच फिरलं. माझ्या जावेला खोटं म्हणायचं तर मी म्हणेन. तिच्याशी भांडत मी म्हातारी झाले. हा कोण, ज्याने तिचं तोंडही बघितलं नाही?

"ती खोटं बोलत नाही," मी म्हटलं. "घेऊन जा. तपासा."

पुडी आत गेली. मी बाकावर बसले आणि तोच खरपूस, दुधट वास माझ्या नाकात परत आला. ती खोटं बोलली होती. मला माहीत होतं ती खोटं बोलली होती. आणि मी रागाच्या भरात माझ्या पोराची नोकरी तिच्या शब्दावर लावून बसले होते. मुलाचे फोन येत होते, मी उचलले नाहीत. काय सांगणार होते? काचेकडे बघायचंही मी टाळलं. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते.

बऱ्याच वेळाने ती मुलगी परत आली. पुडीला चिकटपट्टी लावलेली होती. तिने ती माझ्या बॅगेत ठेवली, चेन लावून दिली आणि जा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी जावेला फोन लावला. खुशाली सांगायच्याही आधी विचारलं, तू खसखस भाजली होतीस की नाही? ती म्हणाली, भाजली होती. हाताच्या सवयीने. भाजून इतर मसाल्यात मिसळलीसुद्धा, आणि मग आठवलं. तो सगळा मसाला तिने बहिणीकडे देऊन टाकला, कढई घासली, नवीन सामान आणून पहाटे मी झोपेत असताना पुन्हा भाजलं. मला सांगितलं असतं तर मी त्या मसाल्याला हात लावला नसता, म्हणून नाही म्हणाली. पुडी शिवली तीही घरातल्या जुन्या डब्याची खसखस लागू नये म्हणून. दोन्ही वाटे बिनखसखशीचे. कालवणाला अंग येत नाही म्हणून दीर रोज कुरकुरतो.

"मला वाटलं व्हतं तुमी तो वाटेतच टाकाल," ती म्हणाली. "टाकाल ह्ये धरूनच केला व्हता."

मी तिला सगळं सांगितलं. त्या मुलीने काय विचारलं, तो माणूस काय म्हणाला, आणि मी काय उत्तर दिलं. ती खोटं बोलत नाही, असं मी तुझ्याबद्दल म्हटलं, हेही सांगितलं.



"खरं सांगता काय, ताय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, देवाशपथ. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा शपथ घेतली. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही, आणि तिला पटलं की नाही हे मला कळायला काही मार्ग नव्हता.