नत्थुजीची झडती

चांदूर बाजारच्या अलीकडच्या त्या गावात कुणाला सन विचारू नये. पूल कधी झाला म्हटलं की उत्तर येई, "नत्थुजीनं पुलाच्या ओव्हरशेरवर झडती म्हटली, त्या साली." डोमाजीच्या वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली तेही साल असंच ओळखलं जाई. गावाचा इतिहास लिहिणारा कोणी नव्हता, पण पोळ्याला ओरडून सांगणारा होता, आणि तो होता नत्थुजी माळी.

पोळ्याला तोरणाखाली सजलेले बैल उभे राहिले की यमक जुळवून कुणालाही टोमणा मारावा, त्याचं नाव झडती. त्या दिवशी पाटील असो की सरपंच, रागावायची सोय नाही. रागावला तर लोक दुप्पट हसतात. नत्थुजीकडे दीड एकर मिरची-वांगी, एक बैलजोडी आणि बिनआईची पोर शकुन, एवढीच इस्टेट. पण पोळ्याच्या दिवशी त्याच्या तोंडाकडे पाहत अख्खं गाव उभं राही.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी बहिरमच्या यात्रेत गावातल्याच शेषरावाच्या बायकोनं, माणिकबाईनं शकुनला हेरलं. पोर रोडगे थापत होती, हात भरभर चालत होता. शेषराव म्हणजे संत्र्याचा मोठा बगीचा, त्याच जातीतला. त्याच्या मुलासाठी मागणी आली तेव्हा नत्थुजीला वाटलं, देव पावला. दिवाळीनंतर लग्न करायचं ठरलं.

पण त्याच उन्हाळ्यात शेषरावानं नाल्याला बांध घातला आणि सारं पाणी बगीच्यात वळवलं. श्रावणात पावसानं दडी मारली, खालच्या अंगाच्या मळ्यांत मिरची करपली. डोमाजीची तर पार गेली. शेषरावासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. "थांबा न बाप्पा," लोक म्हणत, "पोयाले नत्थुजी पायते त्याच्याकडे."

शेषराव काही दूधखुळा नव्हता. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो स्वतः नत्थुजीच्या मळ्यात आला. "इवाई होऊन रायलो आपण," तो म्हणाला. "उद्या झडतीत माह्या घराचं नाव निंगाले नाही पायजे. बाकी मी काई मांगत नाही."

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली सगळं गाव नत्थुजीकडे पाहू लागलं. त्यानं घसा खाकरला आणि बैलाच्या शिंगांवरची एक जुनीपुराणी, बिनविषारी झडती म्हटली. कोणी हसलं नाही. तोरण तुटलं, पोळा फुटला. डोमाजी जवळून गेला, तो एवढंच म्हणाला, "चाल नत्थु, बैलं उपाशी हायेत." त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

घरी शकुननं बैलांच्या पायांवर पाणी घातलं, पुरणपोळी चारली. मग ओट्यावर बसलेल्या बापाला विचारलं, "माह्यासाठी गप रायले न बाबा?"

नत्थुजी पायातल्या वाहाणा काढू लागला.

"तुमी एक दिवस गप रायले," ती म्हणाली, "मले त्या घरात जलमभर गप राहा लागन."

नत्थुजी उठला, बैल सोडले आणि दारोदार बैल फिरवायच्या रिवाजानं थेट शेषरावाच्या दारी गेला. माणिकबाई ताट घेऊन बाहेर आली, मागून शेषराव हसत आला. नत्थुजीचा आवाज पुन्हा जुनाच निघाला:

"आमच्या मिरच्या वायल्या, याचे संत्रे झाले गोड,
पोट भरलं असन शेषराव, तर बांध आता फोड!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

आळीतून लोक धावत आले. 'हर हर'चा गजर झाला. शेषरावाचं हसू मावळलं. "सोयरीक मोडली समजा," तो म्हणाला आणि आत निघून गेला. माणिकबाईनं मात्र हात थांबवला नाही. बैलांची पूजा पुरी केली, मग डोळ्यांना पदर लावत तीही आत गेली.

नत्थुजी परतला तेव्हा शकुन दारातच उभी होती. चांगलं घर आपण पोरीच्या हातातून काढून घेतलं, या विचारानं त्याला तिच्याकडे बघवेना.

"शकुन, सोयरीक गेली व माय."

"मालूम हाय," म्हणत तिनं बैलांचे कासरे त्याच्या हातातून घेतले. "तुमचा आवाज इथपर्यंत आला, बाबा."