घराचं डिक्लिनेशन

मी पोचले तेव्हा कॉलमचा कोपरा फुटला होता आणि आतली सळई दिसत होती. बेव्हर्ली पार्कमधली सात मजली बिल्डिंग, दुसरा मजला. कॉलम म्हणजे वरच्या पाच मजल्यांचं वजन पेलणारा खांब. मी सिव्हिल इंजिनिअर, म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी फोन करून बोलावलं होतं. आधी मिस्त्रीला हातोडी खाली ठेवायला लावली.

वरच्या मजल्यावरच्या पटेलबेन दारात उभ्या होत्या. "मॅडम, हम लोग घर में रुकें कि नीचे जाएँ?"

"नीचे जाइए," मी म्हटलं.

घरमालक सावंत बँकेत नोकरीला. चांगले शिकलेले. म्हणाले, "मॅडम, वास्तूवाले आले होते. प्लॅनमध्ये किचन आग्नेयेला आहे, पण सुई दक्षिण दाखवतेय. ते बोलले, तुमच्या घराचं डिक्लिनेशन चाळीस अंश आहे. किचन सरकवायला लागेल. हा खांब मधे येत होता, म्हणून फोडायला घेतला."

माझं डोकंच फिरलं.

"अहो, घराला कसलं डिक्लिनेशन? होकायंत्राची उत्तर आणि नकाशातली खरी उत्तर यांच्यात थोडा कोन असतो, तो पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे. त्याला म्हणतात डिक्लिनेशन. आपल्या अख्ख्या मीरा-भाईंदरला तो एक अंशही भरत नाही. चाळीस कुठून आणलं? होकायंत्र ठेवलं कुठे होतं?"

"इथेच, ओट्यावर."

ओट्याखाली गॅसचा सिलिंडर. मी माझं होकायंत्र त्याच जागी ठेवलं. किचन दक्षिणेला! सावंतांना म्हटलं, सिलिंडर बाल्कनीत न्या. त्यांनी तो ओढला तशी सुई फिरायला लागली. जवळ लोखंड असलं की सुई भरकटते, एवढी साधी गोष्ट. मग खाली मोकळ्या प्लॉटवर जाऊन बिल्डिंगची दिशा मोजली. प्लॅन बरोबर होता.

सावंतांनी त्या वास्तूवाल्या गृहस्थांना फोन लावून माझ्याकडे दिला.

"मॅडम, प्रत्येक वास्तूची एनर्जी वेगळी असते," ते शांतपणे म्हणाले.

"मग एनर्जीच म्हणा. आमच्या सर्व्हेतले, जमीनमोजणीतले शब्द कशाला उचलता? वर माणसं राहतात, लाज वाटत नाही?"

फोन कट.

त्याच दुपारी लोखंडी टेकू लावले. कॉलम दुरुस्त होईपर्यंत वरची कुटुंबं नातेवाइकांकडे राहिली. टेकू निघाले त्या दिवशी सावंत हळूच म्हणाले, "म्हणजे मॅडम, घरात दोष नव्हताच ना?"

"नव्हता. तुम्ही केलात."

चांगला खांब फोडायला एक न कळलेला शब्द पुरला.