नाव आतून लिहिलं होतं

कार्ले फाट्यावर मोटरसायकलच्या टाक्या रंगवणारा एक जण आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. माझं मात्र त्याला नको तितकं कळलं.

रिमोटवर पळणाऱ्या माझ्या खेळण्यातल्या गाडीचं पारदर्शक कवच मी त्याच्याकडे नेलं होतं. ते आतून रंगवतात, एवढं व्हिडिओ बघून मला समजलं होतं. म्हणून पन्नाशीत एअरब्रश घेतला, आतून आधी काळ्याने ऐटीत स्वतःचं नाव लिहिलं आणि त्यावर फ्लुरोसंट नारिंगी मारला. तो काही केल्या चमकेना.

त्याने एक डोळा मिटून कवच उन्हात धरलं.

"भाऊ, ह्या रंगाला मागनं पांढरा लागतो. न्हाईतर उजेड आरपार जातो."

मग ते फिरवून त्याने बाहेरून पाहिलं. हसला नाही, हे त्याचे उपकार.

"आन् नाव वाचायचं तर तुमाला गाडीत बसावं लागंल."

तेव्हा कुठे मला दिसलं, की बाहेरून नाव उलटं आहे.

त्याने मागून पांढरा मारून दिला. नारिंगी असा पेटला, की रविवारी वलवणच्या मैदानात माझं उलटं नाव पार रस्त्यावरूनही दिसत होतं.