एकशे बावन्न मैल

तुमच्या मासिकात लोक असले अनुभव लिहून पाठवतात, ते मी बरीच वर्षं वाचतोय... आणि खरं सांगतो, वाचून हसत आलोय. मी मोटरमिस्त्री. चालतं इंजिन बंद पडलं तर आमच्या धंद्यात कारणं दोनच - एक तर पेट्रोल येत नाही, नाहीतर ठिणगी पडत नाही. तिसरं कारण मला कोणी शिकवलं नाही. माझी अम्मी दर गुरुवारी दर्ग्यावर जायची, तेव्हाही मी सायकल धरून बाहेर उभा राहायचो. आत काय आहे ते बघायची इच्छा कधी झाली नाही. तेव्हा पुढे लिहितो ते एखाद्या भाबड्या माणसानं लिहिलंय असं समजू नका.

लढाई संपून आता दोन वर्षं होत आली. ही गोष्ट लढाई ऐन भरात होती तेव्हाची. गाव एरंडोल. जळगावपासून अठरा मैल, धुळ्यापासून सदतीस. गावाबाहेर धरणगाव रस्त्याला आमच्या मालकांची, नानांची, कापसाची जिनिंग फॅक्टरी होती, आणि मी त्यांच्या गाड्या सांभाळायचो. मूळचा मी जळगावचा, पण नानांनी मागून घेतलं आणि एरंडोलचाच झालो.

नानांची मोटर सगळ्या खान्देशात माहीत होती. आठ सिलिंडरची, उघडी, लांबलचक नाकाची अमेरिकन गाडी. एका संस्थानिकाकडून जुनी घेतलेली. पारोळ्याच्या पुढच्या सरळ रस्त्यावर ती ऐंशी मैलांनी पळायची, आणि मागे एवढी धूळ उडायची की बैलगाडीवाले रस्ता सोडून शेतात उतरायचे. पण नानांना वेगापेक्षा वेगळाच नाद होता. एका टाकीत गाडी किती मैल जाते, हे मोजायचा. मला म्हणायचे, "रशीद, गाडी कितली पयस हाई कोनीबी सांगी. कितला पेट्रोलमां पयस हाई सांगस, तो मिस्तरी." पयस म्हणजे पळते.

मोजायची रीत त्यांनीच घालून दिलेली. टाकी बारा गॅलनची. गळ्यापर्यंत भरायची, झाकणाच्या काठाला पेट्रोल लागलं पाहिजे. मग मैल मोजायचं छोटं मीटर शून्यावर आणायचं. आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची! गाडीच्या पायरीवर दोन गॅलनचा टिन बांधलेला असे, तो ओतून घरी यायचं. पाय दाबून चालवली तर टाकीत एकशे तीस मैल. पंचवीस-तीसच्या चालीनं चालवली तर एकशे पासष्टच्या पुढे. चढ, वारा, थंडी-ऊन, चाकातली हवा... नाना सगळं वहीत टिपायचे. त्या वहीत आकडे लिहिताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा.

एका फाल्गुनात ते एकटेच धुळ्याला गेले. मला ताप होता. परत येताना पारोळ्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, निंबाच्या सावलीत गाडी उभी असलेली लोकांना दिसली. नाना चाकामागे ताठ बसलेले. ब्रेक ओढलेला. डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. टाकी कोरडी होती, आणि पायरीवरचा टिन भरलेला, दोरी तशीच बांधलेली. आधी गाडी थांबली की आधी नाना, ते कुणालाच कळलं नाही. गाडी आणायला मी गेलो होतो. मीटरवर एकशे बावन्न होते.

महिनाभर कुणी गाडीला हात लावला नाही. मग नानांचा मुलगा, आम्ही त्याला भाऊच म्हणायचो, तो गाडी वापरू लागला. मीटर शून्यावर आणायची सवय मी सोडली नव्हती. पहिली टाकी एकशे बावन्नला संपली. मी म्हटलं, ठीक आहे, मधला आकडा आहे. दुसरी टाकी भाऊनं अमळनेरला लग्नाच्या घाईत पार तुडवली. एकशे बावन्न. तिसरी मी स्वतः चालवली, पंचवीसच्या वर काटा जाऊ दिला नाही... एकशे बावन्न.

त्यानंतर लढाईपायी पेट्रोलचं रेशन, कुपनं आली आणि टाकी भरणं बंद झालं. जेमतेम सहा गॅलन मिळायचं. ते घातलं, मीटर शून्यावर आणलं, आणि गाडी एकशे बावन्न मैल गेली. निम्म्या पेट्रोलात! भाऊ खूष. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "रशीद, काय जादू केली रे कार्बोरेटरला?"

मी काहीच केलं नव्हतं. मला त्या रात्रीपासून जेवण गोड लागेना. कुणीतरी गुपचूप पेट्रोल ओततंय असं धरून मी टाकीच्या झाकणाला लाखेचं सील लावलं, शेडला कुलूप घातलं, किल्ली कमरेला ठेवली. पुढच्या वेळी चारच गॅलन घातलं. सील जसंच्या तसं, आणि मीटर? तेच!

ही गोष्ट भाऊ जेवताना हसत हसत घरी सांगायचा. नानांच्या पत्नी, अक्का, हसायच्या नाहीत. एकदा त्या शेडपर्यंत आल्या, बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "त्यासनी गाडी शे, त्या देखतीन." म्हणजे गाडी नानांची, नानाच बघतील. मी मान खाली घालून पाना पुसत राहिलो. मला त्या बोलण्याचा रागच आला होता. माझ्या हाताखालची गाडी, आणि तिचं कारण मला सापडू नये?

म्हणून मी ठरवलं की याचा निकाल लावायचा. पुढच्या वर्षी वैशाखात, मीटर एकशे अठ्ठावीसवर असताना, मी टाकीच खाली उतरवली. आतलं उरलंसुरलं पेट्रोल टिनात काढलं. टाकी गरम पाण्यानं धुतली, दोन दिवस उन्हात वाळवली. नळी फुंकून साफ केली, कार्बोरेटरची वाटी उघडून पुसली. कुठे चोरकप्पा नाही, डबल तळ नाही, काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी टाकी परत बसवली. टिनातलं पेट्रोल मात्र त्याच सकाळी भाऊनं लॉरीत ओतलं आणि गाठी घेऊन तो धरणगाव स्टेशनला गेला. मीही अडवलं नाही. चार दिवसांनी नवी कुपनं मिळणारच होती.

त्याच दुपारी इंदूताईला कळा सुरू झाल्या.

इंदूताई म्हणजे नानांची मुलगी. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. मला ती राखी बांधायची. दोन वाजता सुईण बाहेर आली आणि डॉक्टरांना बोलवा म्हणाली. डॉक्टर आले, आत गेले, आणि हात पुसत ओट्यावर आले. "मूल आडवं आहे," ते म्हणाले. "माझ्या हातून इथे होणार नाही. जळगावला न्या. दोन तासांत पोचलात तर काही करता येईल."

अक्का सरळ शेडकडे आल्या. डोक्यावरचा पदर सुटलेला, पायात काही नाही.

"रशीद, गाडी काढ. इंदूले जळगाव लई जानं शे."

"अक्का, टाकी कोरडी आहे. थेंब नाही."

"मीटर कितलं शे?"

मला आधी कळलंच नाही त्या काय विचारतायत. "एकशे अठ्ठावीस," मी म्हटलं.

"मंग चोवीस मैल बाकी शेत. जळगाव अठरा. दाब बटन."

डॉक्टर मागे उभे होते. ते माझ्याकडे बघत होते, शहाण्या माणसानं शहाण्या माणसाकडे बघावं तसं. मी म्हटलं, "अक्का, पेट्रोलशिवाय इंजिन चालत नाही. मी स्वतः टाकी वाळवलीय."

"दाबी तं देख, रशीद. तुनं काय जास?"

खरंच, माझं काय जात होतं? स्टार्टरचं एक बटण. पण त्या क्षणी मला वाटलं, आपण ते दाबलं तर आपण मिस्त्री राहणार नाही. आणि वेळ जातोय, असंही वाटलं. मी म्हटलं, "मी पेट्रोल आणतो," आणि सायकलवर टांग टाकली.

गावातली उतारूंची सर्व्हिस मोटर कोळशाच्या गॅसवर चालायची आणि ती सकाळीच पारोळ्याला गेली होती. एकाकडे मोटरसायकल होती, तो म्हणाला टाकी रिकामी आहे. दुसऱ्यानं जळगाव रस्त्यावर चार मैलांवर एका मळ्यात पंपाचं इंजिन आहे, तिथे जा म्हणून सांगितलं. वैशाखातलं ऊन, समोरून गरम वारा. मळेवाल्यानं बिचाऱ्यानं इंजिनातलं काढून दिलं. अर्धा गॅलन. एवढ्यात जळगाव होणार नाही हे मला माहीत होतं, तरी टिन हँडलला अडकवून मी परत निघालो. अडीच तास गेले होते.

वाटेत मला घरची दमणी, बैलांची हलकी गाडी, दिसली. बैल एरंडोलकडे तोंड करून, सावकाश चालले होते. घरच्यांनी इंदूताईला दमणीत गादी टाकून जळगावला न्यायला काढलं होतं, पण तीन मैल जाण्याआधीच सगळं संपलं. आई आणि बाळ, दोघंही. अक्का दमणीच्या शेजारून पायी चालत होत्या, एक हात आत इंदूताईच्या पायावर ठेवलेला. मी सायकलवरून उतरलो. त्यांनी टिनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेलो. फॅक्टरी बंद होती. भाऊ अस्थी घेऊन नाशिकला गेलेला. तो अर्ध्या गॅलनचा टिन कोपऱ्यात तसाच होता, मी त्याला हात लावला नव्हता. टाकीत बांबूची पट्टी घातली - कोरडी. खालचा स्क्रू काढून तळहात धरला, थेंब पडला नाही. कार्बोरेटरची वाटी उघडली, आत माझ्याच फडक्याचा एक धागा चिकटलेला होता. सगळं बंद केलं, चाकामागे बसलो, आणि बटण दाबलं.

पहिल्याच फेऱ्याला इंजिन सुरू झालं.

आठही सिलिंडर एका लयीत चालले होते, कुठे खाकरणं नाही. मग मी गिअर टाकला. फाटकातून बाहेर, गावातून, जळगाव रस्त्याला. ज्या वळणावर दमणी भेटली होती तिथून गेलो. पाळधी गेली, गिरणेचा पूल गेला. जळगावच्या दवाखान्याच्या फाटकासमोर गाडी उभी केली तेव्हा मीटरवर एकशे सेहेचाळीस होते. एरंडोल सोडून पाऊण तास झाला होता. पाऊण तास! फाटकाशी बसलेल्या माणसानं विचारलं, "पेशंट कुठाय?"

मी गाडी वळवली. सहा मैलांवर, पाळधी दिसू लागली आणि इंजिन विझलं. मीटर बघायची गरज नव्हती, तरी बघितलं.

दुसऱ्या दिवशी लॉरीनं पाळधीहून गाडी ओढून आणली. अक्का ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "गाडी चालनी का?"

"ते अर्धं गॅलन टाकलं होतं, अक्का," मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला. नानांबरोबर तीस वर्षं संसार केलेली बाई ती. "अर्धा गॅलनमां सहा मैल जास," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. त्यानंतर या विषयावर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. राग धरला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या टाकीला गाडी एकशे चौतीस मैल गेली. त्याच्या पुढच्या टाकीला एकशे साठ. जशी चालवावी तशी. मग भाऊनं ती भुसावळच्या एका गृहस्थांना विकली. मी त्यांना पत्र पाठवून मुद्दाम विचारलं, तर त्यांनी कळवलं की गाडी उत्तम आहे, पेट्रोल मात्र खाते.

अक्का गेल्या थंडीत वारल्या, म्हणून हे आता लिहितोय. दोन इंजिनिअर लोकांना मी ही हकिकत सांगितली. एक म्हणाला मीटर बिघडलं असेल, पण मैलाचे दगड तर मी डोळ्यांनी मोजले होते. दुसरा म्हणाला टाकीत पेट्रोल राहिलंच असेल. पण ती मी स्वतः उन्हात वाळवली होती. वाचकांपैकी कुणाला कारण सुचलं तर जरूर कळवावं, मला हवंच आहे. मला स्वतःला ते आजपर्यंत सापडलेलं नाही. मला ठाऊक आहे ते एवढंच, की त्या दुपारी मी बटण दाबलं नाही.