पांढऱ्या टोकाची नखं

लिलाबाई आणि केशरबाई यांची पहिली भेट कारंज्याच्या एस.टी. स्टँडवर झाली. त्या वेळी तिथं हजर असलेले लोक सांगतात की रसवंतीचं चाक आपोआप थांबलं, न्हाव्यानं गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून वस्तरा खाली घेतला आणि मानोऱ्याच्या गाडीच्या ड्रायव्हरनं चालू केलेलं इंजिन पुन्हा बंद केलं. झालं होतं एवढंच, की आसेगावची नवी नवरी हातात पत्र्याची पेटी घेऊन गाडीतून उतरली होती आणि केशरबाई तिच्याकडे बघत होत्या. पण केशरबाईंचं बघणं हे साधं काम नव्हतं. त्यांची नजर भांगातून निघाली ती कपाळ, नाक, पोलक्याच्या बाह्या, कोपर असे मुक्काम करत करत खाली उतरली. ती पायाच्या करंगळीला पोचेपर्यंत दोन गाड्या सुटल्या, तिसरी पंक्चर होऊन दुरुस्तही झाली आणि लिलाबाईचं वय, तिच्याच सांगण्याप्रमाणे, एका वर्षानं वाढलं. सगळं बघून झाल्यावर केशरबाई म्हणाल्या, "हं."

आणि चालू लागल्या.

"हं म्हंजे काय जी?" लिलाबाईनं नवऱ्याला विचारलं. लग्नानंतर तिनं त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"हं म्हंजे हं," इंद्रभान म्हणाला. "चाल, उचल पेटी."

इंद्रभान एस.टी.त कंडक्टर होता. केशरबाई त्याच्या शेजारी राहत. त्या सख्ख्या आत्या फक्त विमल नावाच्या एका पोरीच्या, पण सगळी वस्ती त्यांना आत्याबाई म्हणायची. नवी नवरी असो, नवा जावई असो, कोणाच्या पोलक्याची बाही असो की कोणाच्या घरचा ठेचा, आत्याबाईंनी बघितल्याशिवाय ती गोष्ट वस्तीत खरी धरली जात नसे. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून जुन्या चालीरीतींवर तर त्यांचा डोळाच होता. कोणाच्या लग्नात हळदीचा नुसता वास आला, तरी त्या मांडवाच्या दारातून परत फिरत आणि पुढचे सहा महिने त्या घरातल्यांना रस्त्यात गाठून सुनावत.

लिलाबाईचा स्वभाव असा, की आपण केलेली गोष्ट कशी झाली हे कोणी सांगितल्याशिवाय तिच्या जिवाला थारा नसे. शाळेत असताना गणित अर्धं व्हायच्या आतच ती पाटी घेऊन बाईंच्या टेबलाशी उभी असायची. लग्नानंतर इंद्रभाननं भाजीचा पहिला घास तोंडात घातला, की ती विचारायची, "कसं झालं?" तो अजून चावत असायचा. शेवटी घास गरम असतानाच मान हलवायची सवय त्यानं लावून घेतली. जीभ भाजली तरी चालेल, पण संसार थंड राहायला पाहिजे, असा त्याचा हिशेब होता.

शहात्तरच्या पावसाळ्यात त्याला अमरावतीच्या गाडीत सीटखाली वरचं पान फाटलेलं एक मासिक सापडलं. त्यात एका गोऱ्या बाईचा रंगीत फोटो होता. बाईनं गालावर हात ठेवला होता. तिची नखं गुलाबी होती आणि टोकाला मात्र प्रत्येक नखावर पांढरी शुभ्र कड होती, चंद्राच्या कोरीसारखी.

"रंग सरला वाटते बिचारीचा," इंद्रभान म्हणाला.

लिलाबाईनं बाईकडे बघितलं नाही, तिच्या गळ्यातल्या मोत्यांकडेही बघितलं नाही. तिला दिसलं ते कपाशीचं बोंड. गुलाबीसर बोंड टोकाला उकलतं आणि आतून पांढरं डोकावतं, अगदी तसंच. लहानपणापासून तिनं अशी हजारो बोंडं वेचली होती, पण ती कोणाच्या बोटावर उगवतील असं तिला कधी वाटलं नव्हतं.

आणि त्याच क्षणी तिला विमलचं लग्न आठवलं. विमल येत्या वैशाखात पांढरी साडी नेसून उभी राहणार होती. वस्तीतल्या नवऱ्या पांढरी साडी नेसत आणि नखांना लालभडक रंग लावत. दिसायला असं दिसे, की बाई टमाटे चिरता चिरता तशीच उठून मांडवात आली आहे. पांढऱ्या साडीला पांढऱ्या टोकाची नखं! हे कोणाला कसं सुचलं नाही? विमलची नखं आपणच रंगवायची, हे लिलाबाईनं तिथंच ठरवलं. आता फक्त एकच अडचण होती. विमलला आई नव्हती, आणि तिच्या लग्नातली सुपारीसुद्धा आत्याबाईंना विचारल्याशिवाय फुटणार नव्हती.

ती कामाला लागली. गुलाबी नेलपॉलिश बांगड्यांच्या दुकानात मिळालं. पांढरं मात्र कुठंच नव्हतं. दुकानदार हिरालाल म्हणाला, "पांढरं कोन लावते, बाई? तीस वर्षांत कोनी मांगतलं नाई." मग ती दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पुंजाजी पेंटरकडे गेली. त्यानं तिला डब्याच्या झाकणात चमचाभर पांढरा ऑइलपेंट दिला आणि कोणत्या पाटीसाठी पाहिजे म्हणून विचारलं. लिलाबाईनं हाताची बोटं दाखवली. पुंजाजीनं एकेक बोट बघून घेतलं. "वाळाले तीन तास लागन," एवढंच तो म्हणाला.

कड नीट यावी म्हणून तिनं युक्ती काढली. पोस्टाच्या तिकिटांच्या पानाला कडेनं गोंद लावलेली कोरी पट्टी असते. ती पट्टी कात्रीनं गोलसर कापायची, चाटून नखावर चिकटवायची, वर उरलेल्या टोकाला पांढरा रंग द्यायचा आणि वाळला की पट्टी सोलायची. पहिल्या दिवशी पट्टीबरोबर गुलाबी रंगही निघाला. दुसऱ्या दिवशी कड आली, पण भूकंपात सापडल्यासारखी. आठव्या दिवशी तिच्या डाव्या हाताच्या पाचही बोटांवर पाच बोंडं फुटली.

मग ती अभिप्राय गोळा करायला निघाली.

सासूबाई रुखमाबाई म्हणाल्या, "अवं, नखं पांढरी पडून राह्यली तुही. अशक्तपना आला. दवाखान्यात जाय."

बाजारात भाजी विकणाऱ्या प्रयागबाईनं वांगी तोलता तोलता एक डोळा वर केला. "चुना लागला वाटते, बाई. पान खात जाऊ नको इतकं."

"चुना नाई व माय! डिझाइन हाय!"

"मंग असन बाप्पा. मेथी देऊ?"

पुंजाजी पेंटरनं जाणकाराच्या नजरेनं बघितलं. "मधल्या बोटाची लाइन उतरती हाय. आन् खाली नाव टाकलं असतं, तं पाटी पुरी झाली असती."

इंद्रभाननं ड्युटीवरून आल्याबरोबर, टोपीही न काढता, मान हलवली.

"पाह्यलं तरी काय तुमी?"

"नाई. पन चांगलंच असन."

एवढ्या सगळ्यांनी सांगूनही लिलाबाईचं समाधान होईना. तिच्या मनातली परीक्षा एकच होती. त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती धीर करून शेजारच्या ओट्यावर गेली. आत्याबाई डाळ निवडत होत्या. लिलाबाईनं डाळीच्या सुपावरच हात पसरला.

"आत्याबाई, विमलच्या लग्नात अशी नखं करू म्हनते. पांढऱ्या साडीवर. कशी वाटतात?"

आत्याबाईंनी अंगठ्यापासून सुरुवात केली. तर्जनीवर थोड्या थांबल्या. मधल्या बोटावर जास्तच थांबल्या. त्या उतरत्या लाइनीवर त्यांची नजर पडली, तेव्हा लिलाबाईनं ते बोट हळूच आखडलं. करंगळीपर्यंत जाऊन त्या परत अंगठ्यावर आल्या. मग सुपातला एक खडा उचलून बाहेर फेकला.

"हं," त्या म्हणाल्या.

"म्हंजे चांगली?"

"सूप सोड. लग्नाच्या आदल्या दिवशी ये."

आता याचा अर्थ काय घ्यायचा? होकार होता, तर चांगली आहेत म्हणायला काय झालं होतं? नकार होता, तर बोलावलं कायले? लिलाबाईनं त्या "हं"ची भाकरीच्या पिठासारखी मळून मळून वाट लावली. पोळ्या लाटताना ती एकदम थांबायची आणि तसाच सूर काढून बघायची. "हं." मग जरा वर नेऊन, "हं?" इंद्रभान दचकून मान हलवायचा. तिनं मधल्या बोटाची कड सतरा वेळा पुसली आणि सतरा वेळा काढली. रॉकेलनं पुसून पुसून बोटांना असा वास सुटला, की तिच्या हातचा चहासुद्धा इंद्रभान खिडकीशी बसून प्यायचा. रोज काही ना काही निमित्त काढून ती आत्याबाईंच्या ओट्यावर जायची: विरजण मागायला, विरजण परत द्यायला, विरजण चांगलं लागलं हे सांगायला. हात मात्र मुद्दाम पुढं. आत्याबाई लग्नाच्या याद्या करत राहिल्या. पंगत, मांडव, भांडी, पाहुणे यांच्याबद्दल बोलल्या. नखांबद्दल एक शब्द नाही.

विमल स्वतः खूश होती. "लय भारी दिसते, वयनी," ती म्हणाली. पण विमल कशालाही भारी म्हणायची. नवरा मुलगा बघायला आला होता, तेव्हा त्याच्या सायकललाही ती भारीच म्हणाली होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी लिलाबाई सकाळीच जाऊन बसली. दहा बोटं, दहा पट्ट्या. कड हलू नये म्हणून तिनं श्वासच कमी घेतला. दुपारी काम संपलं, तेव्हा दहाही कडा पुंजाजीनं दोरी धरून मारल्यासारख्या एकसारख्या होत्या. विमल दोन्ही हात पुढं करून, बोटं फाकवून तीन तास बसली. तिला पाणीही दुसरीनं पाजलं, माशीही दुसरीनं हाकलली. आत्याबाई चार वेळा तिथून गेल्या. चारही वेळा लिलाबाई अर्धी उठली, आणि चारही वेळा आत्याबाईंनी कोणाला तरी पाण्याची टाकी भरायला हाका मारल्या. रंग वाळला. लिलाबाई घरी गेली. तिला जेवण गेलं नाही.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी मांडवात पोचली आणि तिनं विमलचा हात हातात घेतला.

दहाही टोकं पिवळी होती.

लिंबासारखी नव्हे, पिकलेल्या पपईसारखीही नव्हे. पिवळा कोणता हे त्या वस्तीतल्या कोणत्याही बाईला दुरून ओळखू आलं असतं. शिवाय विमलच्या कानामागं, जिथं धुताना हात पोचत नाही, तिथं एक पिवळा पट्टा राहिलाच होता. तेलातली हळद.

"कोनं लावली वं?" लिलाबाईनं कानात विचारलं.

विमलनं खाली मान घातली. "आत्यानं. मांगच्या खोलीत, दार लावून. म्हने, तुही माय असती तं तिनं लावलीच असती. पोरीले तशीच कशी धाडू." तिचे डोळे भरून आले. "कोनाले सांगू नको म्हने."

लिलाबाईनं मागं वळून बघितलं. आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांची नजर विमलच्या बोटांवर होती, मग लिलाबाईच्या तोंडावर आली. स्टँडवरच्या त्या दिवसापासून पहिल्यांदाच त्या नजरेला काही ठरवता येत नव्हतं.

तेवढ्यात बायकांचा लोंढा आत आला. त्यात हिरीबाई होती. तिच्या मुलीच्या लग्नातून आत्याबाई हळदीच्या वासावरून परत फिरल्या होत्या, आणि सहा महिने हिरीबाईनं ते ऐकून घेतलं होतं. हिरीबाईनं विमलचा हात उचलला, नाकाशी नेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आत्याबाई, हे पिवळं कायचं व?"

बाकीच्या बायका हात बघायला पुढं सरकल्या.

"थे व्हय?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी पदर सारखा केला. "थे लिलीचं डिझाइन हाय. फोटोत पाहून काढलं तिनं. बंबईले असंच लावतात. गुलाबी नख आन् पिवळं टोक. म्या सोता पसंत केलं. एकदम फस्कलास काम हाय तिचं. हाय का नाई वं, लिले?"

साऱ्या मांडवानं लिलाबाईकडे बघितलं. आयुष्यभर ज्या वाक्याची वाट बघितली, ते भर मांडवात, मोठ्या आवाजात, आत्याबाईंच्या तोंडून निघालं होतं, आणि त्यातला मुख्य रंगच तिचा नव्हता. ती गप्प राहिली असती, तर हिरीबाईनं आत्याबाईंना तिथंच सोललं असतं. विमल तिच्याकडे बघत होती.

"हो," लिलाबाई म्हणाली. "पिवळंच हाय डिझाइन."

"मंग वास कायचा येऊन राह्यला?" हिरीबाई.

"रंगाचा. पुंजाजीचा रंग हाय, त्याले विचारा."

लग्न नीट लागलं. पांढऱ्या साडीवर पिवळी टोकं बघून चार जणींनी त्याच दिवशी लिलाबाईला आपल्या घरच्या नवरीची नखं रंगवायला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर लिलाबाई ओट्यावर गेली. आत्याबाई परत द्यायची भांडी लावत होत्या.

"आत्याबाई, आता कोनी नाई. खरं सांगा. पांढरी कशी दिसत होती?"

"पिवळी मस्त दिसली."

"पिवळी नाई व. पांढरी. दुपारी, वाळत होती तवा."

आत्याबाईंनी एक परात दुसरीत घातली. "लिले, आता पिवळीच म्हनत जाय. पांढऱ्याचं नाव काढलं, तं पिवळं कुठून आलं हे कोनी बी इचारन." मग जरा खालच्या आवाजात, तिच्याकडे न बघता, "काल तू बोलली थे मी इसरनार नाई. जाय, हा भाताचा गंज नेऊन दे प्रयागबाईचा."

त्या उन्हाळ्यात लिलाबाईनं पाच नवऱ्यांची नखं रंगवली, पाचही पिवळ्या टोकांची. पाचही वेळा घरातल्यांनी आत्याबाईंना विचारलं, आणि पाचही वेळा त्यांनी पास केलं. पांढरी टोकं कोणी मागितली नाहीत. पुढच्या जूनमध्ये इंद्रभानची बदली रिसोडला झाली. तिथं लिलाबाईनं नखं रंगवणं सोडलं, शिवणयंत्र घेतलं आणि लहान मुलांचे कपडे शिवायला सुरुवात केली.