सिंगापूरचं बजेट आणि चौकातलं डिजिटल

कोल्हापूर शहर व परिसरातील समस्त नागरिकांस कळवण्यास अत्यंत दुःख होते की, शिवाजी पेठेतील एका प्रतिष्ठित कुटुंबाची नियोजित सिंगापूर सहल अल्पशा चर्चेनंतर माझ्या ऑफिसात, माझ्याच टेबलावर, चहा गार व्हायच्या आत मयत झाली. सहलीच्या पश्चात एक पत्नी, दोन मुलं, एक वृद्ध आई आणि एक ट्रॅव्हल एजंट असा परिवार आहे.

ती ट्रॅव्हल एजंट मी. आणि सहलीचे मारेकरी माझ्यासमोरच बसून शांतपणे बिस्कीट बुडवत होते.

राजारामपुरीत माझं छोटं ऑफिस आहे. लोकांना परदेशी पाठवायचं आणि सुखरूप परत आणायचं, हा माझा धंदा. पाठवणं सोपं असतं. अवघड असतं ते त्याच्या आधीचं. त्याला आम्ही कोटेशन म्हणतो, गिऱ्हाईक बजेट म्हणतं आणि घरातल्या बायका काहीच म्हणत नाहीत, नुसत्या एकमेकींकडं बघतात.

उदयरावांची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. लोखंड वितळवून पंपाचे भाग ओततात. माणूस दिलदार. जेवायला घेऊन गेले तर शेजारच्या टेबलाचंही बिल देतील. पण समोर कोटेशन आलं की त्यांच्या अंगात वारं येतं. मॉरिशसचं बजेट करता करता हे कुटुंब गणपतीपुळ्याला जाऊन आलं होतं. दुबईचं बजेट करता करता पन्हाळ्यावर कणीस खाऊन संध्याकाळी घरी. पाचही जणांचे पासपोर्ट तयार, आत एक शिक्का नाही. कोरे करकरीत.

यंदा मीटिंगच्या आधीच रेखावहिनींचा, म्हणजे उदयरावांच्या पत्नीचा, फोन आला.

"ताई, यावेळी काहीही करा. आमच्या सईची पुढल्या वर्षी दहावी. मग बारावी. मग ती पुण्याला, नाहीतर आणि कुठं. पाचजण मिळून जायचं तर यंदाच्या मे महिन्यात. नंतर ती घरी येणार, पण पाहुणीसारखी येणार हो."

वहिनी एवढं सलग कधी बोलत नाहीत. मी जिवाचं रान करायचं ठरवलं.

मुलं शाळेत होती. मीटिंगला उदयराव, वहिनी आणि उदयरावांच्या आई, म्हणजे आक्का, असे तिघं आले. उदयरावांनी बसायच्या आधीच सीमा आखली.

"मॅडम, पाच लाख. त्याच्या वर एक रुपया गेला की मी उठलो."

माझं कोटेशन साडेपाचच्या थोडं वर होतं. ते त्यांनी कारखान्यात कच्चा माल बघतात तसं आधी लांबून, मग जवळून बघितलं.

"दोन रूम कशाला?"

"पाचजण आहात ना."

"मग? आमच्या लग्नात एका खोलीत चाळीस पावणं झोपलं व्हतं."

"सिंगापूरच्या हॉटेलात चालत नाही, उदयराव. एका रूममध्ये किती माणसं, याचा नियम असतो."

"त्यांस्नी सांगायचंच कशाला?"

काउंटरवर प्रत्येकाचा पासपोर्ट बघतात, हे मी सांगितल्यावर सिंगापूर या देशाबद्दलचं त्यांचं मत तिथंच थोडं खाली आलं.

"आणि हे टीसीएस काय हाय?"

टीसीएस म्हणजे परदेशी टूरचे पैसे भरताना सरकार आमच्यामार्फत आगाऊ कापून घेतं तो टॅक्स. रिटर्न भरताना तो तुमच्या हिशोबात धरला जातो, जास्त झाला असेल तर परत मिळतो.

"परत द्यायचाच हाय तर घेतंय कशाला?"

मी घाईनं पान उलटलं. पुढचं पान थीम पार्कचं होतं. सगळी सहल ज्याच्यासाठी, ते हेच. सई आणि धाकट्या शंभूनं त्याचे व्हिडिओ बघून बघून घरातलं वायफाय झिजवलं होतं.

"ह्या तिकिटात राईड किती?"

"कितीही."

"कितीही म्हंजे? आकडा सांगा."

"मे महिन्यात गर्दी असते. रांगा मोठ्या. दिवसभरात पाच-सहा होतील."

मोबाईलवर भागाकार झाला.

"आणि एक राईड चालती किती येळ?"

"दोन-तीन मिनिटं."

परत भागाकार. मग हताश आवाज आला, "मॅडम, मिनिटाचा हा रेट माझ्या फर्नेसपेक्षा जास्त हाय."

त्यानंतर त्यांनी रिजेक्शन विचारलं. फाउंड्रीत शंभर नग ओतले की त्यातले काही फुटके निघतात, ते रिजेक्शन. उदयरावांचं म्हणणं, पार्कातल्या काही राईड दुरुस्तीसाठी बंद असणारच, मग तेवढे पैसे तिकिटातून आधीच वजा करा. असा विचार आजवर एकाही गिऱ्हाइकानं केला नव्हता. मी मनातल्या मनात त्यांना मुजरा केला आणि एक्स्प्रेस पासकडं वळले.

"रांगेवर उपाय आहे. वेगळे पैसे भरले की वेगळ्या वाटेनं आत सोडतात. फक्त हा पास प्रत्येक राईडला एकदाच चालतो."

"म्हंजे व्हीआयपी दर्शन."

"तसंच समजा."

"मग त्याला पैसे कशाला? आमदारांचं पत्र आणतो की."

"सिंगापुरात?"

"बरं, गेटवर कोण असतंय? एखादा मराठी माणूस असंल की."

वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. एक्स्प्रेस पासवर काट बसली. हॉटेलचा एक स्टार उडाला. पार्कातल्या जेवणावरही पेन आलं. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, हे मी सांगून बघितलं.

"चटणी-भाकरी काय बाहेरची हाय? घरची हाय की!"

मग पेन आक्कांच्या तिकिटाशी थांबलं.

"आक्काचं गुडघं दुखत्यात. राईडमध्ये काय ती बसणार न्हाय. बाहेर गेटवर सावलीला बसंल."

आक्का इतका वेळ बशीतून चहा पीत होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली.

"व्हय की. तुमच्या चपला बी राखते. देवळाभाईर बसल्यावानी." मग माझ्याकडं वळून, "बाई, माझं तिकीट पैलं फाडा. ह्येचं ऱ्हायलं तरी चालंल."

तिकीट वाचलं, बजेट गेलं. मी माझं कमिशन सोडलं. मुंबईपर्यंतचं विमान काढून त्यांची स्वतःची गाडी घातली. सगळं पिळून पिळून आकडा आला पाच लाख अकरा हजार. त्याच्या खाली मला खिशातून घालावे लागले असते.

"पाच म्हंजे पाच," उदयराव उठले. "जाऊ द्या मॅडम. दिवाळीत बघू."

आमच्या धंद्यात 'दिवाळीत बघू' हा मृत्यूचा दाखला असतो. वरची दुःखद बातमी ती हीच.

उदयराव आक्कांना घेऊन जिना उतरले. वहिनी पर्स घेण्यासाठी म्हणून मागं फिरल्या. पर्स त्यांच्या खांद्यालाच होती.

"ताई, ती विमानाची सीटं किती दिवस धरून ठेवता येतात?"

सुट्टीच्या दिवसांसाठी आम्ही एअरलाइनकडून काही सीट आधीच धरून ठेवतो. त्याला ब्लॉक म्हणतात. ठरलेल्या तारखेला पैसे भरले नाहीत तर सीट एअरलाइनकडं परत जातात. माझ्या ब्लॉकमध्ये नेमक्या पाच उरल्या होत्या.

"सोमवार संध्याकाळपर्यंत, वहिनी. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

"सोमवार? पुष्कळ झालं," असं म्हणून त्या गेल्या. मला वाटलं, दागिना मोडतात की काय.

शनिवारी सकाळी पेठेतल्या चौकात डिजिटल लागलं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. डिजिटल म्हणजे फ्लेक्सचा बोर्ड. आमच्याकडं वाढदिवसाला डिजिटल लागतं, पोलीस भरतीत निवड झाली की लागतं, नवी बुलेट घेतली की लागतं. पेठेत आनंद झाला की माणूस आधी डिजिटल लावतो, मग हसतो. आणि ज्याच्या नावानं लागतं त्याला कुणी विचारत नाही. तालमीची, मंडळाची पोरं परस्पर लावून मोकळी.

माझ्या व्हॉट्सॅपवर त्याचा फोटो तीन वेगवेगळ्या लोकांकडून आला. मधोमध उदयराव, गॉगल लावून, हाताची घडी घालून. डोक्यावर विमान इतकं खाली आलेलं, की ते त्यांच्या भांगातच उतरणार. मागं एक उंच इमारत, जी सिंगापूरची नसून दुबईची होती. आणि अक्षरं अशी: 'पेठेची शान, उद्योगसम्राट मा. उदयदादा यांच्या सहकुटुंब सिंगापूर अभ्यासदौऱ्यास हार्दिक शुभेच्छा!' खाली शुभेच्छुकांच्या फोटोंच्या दोन भरगच्च ओळी. प्रत्येक जण कानाला मोबाईल लावून कुठंतरी लांब बघतोय.

उदयरावांचा फोन आलाच.

"मॅडम, हे तुम्ही लावलासा?"

"मी कशाला लावू? पैसे तरी मिळालेत का मला?"

"मग कुणी लावलं?"

"मला काय माहीत? नको असेल तर काढायला सांगा."

"काढाय सांगू?" आवाज चढला. "अहो, डिजिटल मधीच उतरवलं तर लोक काय म्हणतील? दिवाळं निघालं म्हणतील! सकाळपास्नं चहावाला पैसे घेईना झालाय. चुलतभावानं गाडी थांबवून इचारलं, कधी निघणार? आयुष्यात त्यानं मला रस्त्यात ओळख दाखवली न्हाय!"

"मग काय सांगितलं तुम्ही?"

"काय सांगणार? म्हणलं, बॅगा भरतोय."

फोन ठेवला आणि मी वहिनींना लावला.

"मी काय केलं न्हाय हो, ताई," वहिनी अत्यंत निष्पाप आवाजात म्हणाल्या. "परवा भाजी घेताना मंडळाच्या अध्यक्षांची आई भेटली. तिला एवढंच म्हणलं, आमचं सिंगापूरचं चाललंय, पण इतक्यात कुणाला बोलू नका."

एक रुपया खर्च नाही. एक खोटा शब्द नाही. मी जाहिरातीवर दरवर्षी जे पैसे घालवते, ते आठवून मला गलबलून आलं.

सोमवारी मी ऑफिस उघडायला गेले, तर उदयराव वहिनींना घेऊन पायरीवर उभे.

"बुक करा."

"पाच अकराला?"

"ते ऱ्हाऊ दे. आधी हॉटेल बदला. ह्या हॉटेलचा फोटो पोरांनी मागितला तर दाखवू काय? आणि तो पास घाला."

"एक्स्प्रेस?"

"मग! पेठेत कुणी इचारलं, दादा तिथं रांगेत हुभा ऱ्हायलासा काय, तर काय तोंड दाखवू?"

गेल्या आठवड्यात ज्याच्यावर त्यांनीच काट मारली होती, ते सगळं एकेक करून उठून उभं राहिलं. विमान परत कोल्हापूरपासून सुरू झालं, कारण निरोप द्यायला पोरं विमानतळावर हलगी घेऊन येणार होती आणि गाडीतून जाणाऱ्या माणसाला हलगी शोभत नाही. वर एक असा खर्च आला, जो माझ्या कुठल्याच कोटेशनमध्ये कधी नव्हता.

"मॅडम, त्यात शुभेच्छुक धरा."

"म्हणजे?"

"बोर्डावर ज्यांचं फोटू हायत त्या सगळ्यांस्नी काहीतरी आणाय लागणार की. शाल-श्रीफळ घेऊन येणारं येगळं. हार घातलेल्या माणसाला रिकाम्या हातानं कसं भेटायचं?"

म्हणून येतानाच्या विमानात चॉकलेटसाठी जादा वजनाचे पैसे भरले. एकूण आकडा सहा लाखांच्या पुढं गेला. उदयरावांनी तो बघितला, डोळे मिटले आणि सही केली. वहिनी बाजूला बसून बिस्कीट खात होत्या. सीट परत जायला दुपारभराचा अवधी शिल्लक होता.

इतक्या वर्षांच्या धंद्यात या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच: सहलीचं बजेट गिऱ्हाइकाच्या खिशात नसतं, त्याच्या चौकात असतं. हल्ली कुणी 'दिवाळीत बघू' म्हणालं, तर मी डिस्काउंट देत बसत नाही. गल्ली कुठली, ते विचारते.

बोर्डामागं कोण होतं, ते उदयरावांना अजून कळलेलं नाही. त्यांना चुलतभावाचा संशय आहे.

थीम पार्कच्या दिवशी काढलेले व्हिडिओ वहिनींनी मला पाठवले. पहिल्यात दोन्ही बाजूंना शेकडो माणसांची रांग आणि मधल्या एक्स्प्रेसच्या वाटेनं उदयराव, रांगेतल्या जपानी, चिनी, तमिळ मंडळींना हात जोडून नमस्कार करत चाललेत. दुसऱ्यात आक्का एका बोटीसारख्या राईडमध्ये पुढच्या बाकावर, पदर खोचून. तिसऱ्यात ते सगळ्यात मोठं, उलटंपालटं फिरणारं रोलरकोस्टर. ते थांबतं. वहिनींच्या डोळ्यांत हसून हसून पाणी. शंभू उड्या मारतोय. उदयरावांचे केस उभे, चेहरा पांढराफटक, शर्टाचं एक बटण बेपत्ता. ते लेकीचा हात धरून झोकांड्या खात बाहेर येतात आणि तसेच मागं वळतात.

सई म्हणते, "पप्पा, पास एकदाच चालतो. परत बसायचं तर नवीन घ्यावा लागेल. विचारू का केवढ्याला आहे?"

आणि उदयराव, साऱ्या सिंगापूरला ऐकू जाईल अशा आवाजात, ओरडतात, "रेट काय इचारतीस गं, पावती फाड म्हणावं!"